इलरच्या उगमापाशी

आईने देवापुढे दिवा लावला आणि त्याच मिनिटाला दादा ओरडला. माझ्या आठवणीत या दोन गोष्टी एकत्र शिवलेल्या आहेत, आणि घड्याळाचा हिशेबही जुळतो. २२ जून २००२, शनिवार. विश्वचषक फुटबॉलचा उपांत्यपूर्व सामना, तुर्कस्तान विरुद्ध सेनेगल, जपानमधल्या ओसाकात. तिकडे रात्री साडेआठला सुरू झालेला खेळ आपल्याकडे संध्याकाळी पाचला लागला होता. नव्वद मिनिटं कोणाचाच गोल नाही. जादा वेळ सुरू झाला. चौथ्या मिनिटाला उजवीकडून उमित दावालाने चेंडू आत टाकला आणि जवळच्या खांबाकडे झेपावत आलेल्या लांब केसांच्या एका पोराने त्याला पायाचा नुसता स्पर्श केला. चेंडू जाळ्यात आणि सामना तिथेच खलास. तेव्हा ‘गोल्डन गोल’चा नियम होता. जादा वेळात पहिला गोल पडला की समोरच्याला उत्तर द्यायची सोयच नाही. पुढे तो नियम रद्द झाला, त्यामुळे पुरुषांच्या विश्वचषकातला शेवटचा गोल्डन गोल म्हणून तोच कायमचा नोंदला गेला.

दादा ओरडला, पण उठला नाही. त्याला उठता येत नव्हतं. उजवा पाय मांडीपासून पोटरीपर्यंत पट्ट्यात बांधलेला, खाली दोन उश्या. दोन महिन्यांपूर्वी, हंगाम संपत आला असताना, शाहू स्टेडियमवर वळता वळता त्याचा गुडघा गेला होता. कुणी धक्का दिला नव्हता, कुणी आडवं आलं नव्हतं. पाय जमिनीत रुतला आणि तो स्वतः फिरला, एवढंच. एकवीस वर्षांचा होता. आमच्या पेठेच्या तालमीचा सेंटर फॉरवर्ड.

कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला हे सांगून कळत नाही. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आमच्याकडे त्याच तालमींचे फुटबॉल संघ असतात आणि पेठेपेठेतली ईर्ष्या मैदानावर येते. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की अर्धं शहर स्टेडियमच्या पायऱ्यांवर आणि उरलेलं त्या निकालाच्या वाटेकडे डोळे लावून. अशा गावात सेंटर फॉरवर्डला किराणा दुकानदारही नावाने हाक मारतो. दादाला मारायचे. गुडघा गेल्यावर पहिले पंधरा दिवस घरात माणसं मावत नव्हती. जूनमध्ये पलंगापाशी आम्ही तिघंच होतो. तो, मी आणि टेन स्पोर्ट्स.

लिगामेंट तुटलंय, डॉक्टर म्हणाले होते. ऑपरेशन करता येईल, खर्च एवढा एवढा. त्याच महिन्यात माझं इंजिनिअरिंगचं प्रवेशाचं पत्र आलं. दोन्ही आकडे बाबांनी एकाच कागदावर लिहिले होते, एकाखाली एक. तो कागद मी पाहिला आहे. रात्री जेवताना दादा म्हणाला, “माझं राहू दे. मला कुठं वर्ल्ड कप खेळायचाय.” आणि त्याने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. त्यावर घरात पुन्हा बोलणं झालं नाही.

त्या सेनेगलच्या सामन्यात तो लांब केसांचा पोरगा सदुसष्टाव्या मिनिटाला राखीव खेळाडू म्हणून आत आला होता, हाकान श्युक्युरच्या जागी. श्युक्युर हा तुर्कस्तानचा देव. त्या स्पर्धेत मात्र त्याच्याकडून गोलच होत नव्हता, आणि बाकावर बसलेल्या या पोराला आत घ्या म्हणून ओरड चालली होती. इल्हान मान्सिझ. दादाने नाव लिहून घेतलं. “ह्यो आपला माणूस,” म्हणाला. तेव्हा मला वाटलं होतं की तो त्याच्या खेळाबद्दल बोलतोय.

इल्हानचा जन्म तुर्कस्तानातला नाही, हे मला कळायला आणखी बरीच वर्षं जावी लागली. मी नोकरीसाठी म्युनिकला आले, राहिले, आणि एकदा कोणाच्या तरी बोलण्यातून केम्पटेनचं नाव आलं. आल्प्सच्या पायथ्याशी आल्गॉय म्हणून मुलूख आहे. हिरवी कुरणं, तपकिरी गाई, चीज, घंटांचे आवाज. रोमन काळापासून वसलेलं केम्पटेन हे तिथलं मोठं गाव, इलर नदीच्या काठावरचं. १० ऑगस्ट १९७५ रोजी इल्हान तिथे जन्मला. आईवडील तुर्की, कामासाठी जर्मनीत आलेल्यांपैकी.

म्युनिकच्या मुख्य स्टेशनावर अकरा नंबरचा फलाट आहे. आज त्यावर कॉफीचे कप घेऊन धावणारी माणसं दिसतात. साठीच्या दशकात आणि सत्तरीच्या सुरुवातीला तुर्कस्तान, ग्रीस, युगोस्लाव्हियातून कामगारांच्या गाड्या याच फलाटाला लागायच्या. ३० ऑक्टोबर १९६१ ला पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला. इस्तंबूलच्या भरती कार्यालयात आधी शरीर तपासलं जायचं, अगदी दात आणि हातसुद्धा. मग सिर्केजी स्टेशनातून दोन-अडीच दिवसांचा प्रवास. म्युनिकला उतरल्यावर फलाटाच्या खाली युद्धकाळातला बंकर होता, तिथे नेऊन खायला द्यायचे आणि कोणी कोणत्या कारखान्यात जायचं ते ठरलेलं सांगायचे. असे लाखो आले. नोव्हेंबर १९७३ मध्ये भरती थांबली, पण तोवर आलेली माणसं इथलीच झाली होती आणि त्यांची बायकामुलं यायला लागली होती. सरकारी शब्द होता ‘गास्टआर्बायटर’, पाहुणे कामगार. पाहुण्याने परत जायचं असतं, हे त्या शब्दातच बांधलेलं.

कोथिंबीर, हिरवी मिरची आणि बरी वांगी हवी असतील तर म्युनिकमधला मराठी माणूस तुर्की दुकानात जातो. स्टेशनाच्या मागच्या गल्ल्यांत ती दुकानं ओळीने आहेत. तिथे ऐकून ऐकून मला एक शब्द आवडायला लागला, ‘गुर्बेत’. घरापासून दूर असणं, परमुलखात असणं, आणि त्या दूर असण्याचं दुखणं, असं सगळं त्या एका शब्दात येतं. मूळ अरबी. आपला ‘गरीब’ त्याच मुळाचा. अरबीत त्याचा अर्थ परका, परमुलखातला. फारसीच्या वाटेने आपल्याकडे येता येता परक्याचा कंगाल झाला. त्या दिवशी दुकानातून बाहेर पडताना पिशवी हातात धरून मी बराच वेळ या एका शब्दाच्या प्रवासाचा विचार करत उभी होते. ज्याला आपलं म्हणणारं कोणी नाही, तो गरीब. शब्दाने पुढचा अर्थ उगाच नाही घेतला.

दुसरा शब्द कडू आहे. जर्मनीत राहून सुट्टीला गावी येणाऱ्याला तुर्कस्तानात ‘आल्मान्जी’ म्हणतात. जर्मनीवाला. मुंबईहून गणपतीला कोकणात येणाऱ्या चाकरमान्याला गाव जसं बघतं, थोडं कौतुकाने आणि थोडं आकसाने, तसंच काहीसं. पण चाकरमान्याला मुंबईत कुणी परदेशी म्हणत नाही. आल्मान्जीला जर्मनीत ‘आउसलेंडर’ म्हणतात. ऑफिसमधली माझी एक सहकारी म्हणते, लहानपणी तिला दोन्हीकडे एकच प्रश्न विचारायचे: परत कधी जाणार?

इल्हानच्या पिढीला तर कायद्यानेच मधे ठेवलं होतं. जर्मन नागरिकत्वाचा १९१३ सालचा कायदा रक्ताच्या नात्यावर चालायचा. जर्मनीत जन्मलं म्हणून कोणी जर्मन होत नसे. इथे जन्मलेल्या परकीयांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व मिळायची वाट १ जानेवारी २००० पासून उघडली. त्यामुळे २००२ च्या तुर्की संघाची यादी वाचली की त्यात जर्मनीचा नकाशा दिसतो. गोल्डन गोलसाठी चेंडू देणारा उमित दावाला मानहाइमचा. यिल्दिराय बाश्त्युर्क हेर्नेचा. तायफुर हावुत्चू हानाऊचा. इल्हान केम्पटेनचा. ओसाकात त्या रात्री ज्या गोलाने तुर्कस्तान वेडं झालं, तो मानहाइमच्या मुलाने दिला आणि केम्पटेनच्या मुलाने मारला. दोघांनी पहिला चेंडू जर्मन मातीत लाथाडलेला.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडता घडता राहिली. २५ जूनला जर्मनीने कोरियाला हरवून अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या दिवशी साइतामात तुर्कस्तान ब्राझीलकडून रोनाल्डोच्या एका गोलाने हरलं. तो गोल झाला नसता तर? योकोहामात जर्मनी आणि तुर्कस्तान समोरासमोर, आणि बर्लिनपासून केम्पटेनपर्यंत घराघरात, एकाच सोफ्यावर, बाप एकीकडे आणि पोरगं दुसरीकडे. मला तो न झालेला सामना फार हवा होता. अजून हवा आहे. आठ वर्षांनी, ऑक्टोबर २०१० मध्ये, बर्लिनला जर्मनीकडून खेळताना मेसुत ओझिलने तुर्कस्तानवर गोल केला आणि आनंद न दाखवता मान खाली घालून परत फिरला. त्या मान खाली घालण्यात काय काय होतं, ते मला म्युनिकच्या त्या दुकानांत राबता सुरू झाल्यावर हळूहळू उमगलं.

इल्हानची वाट आधी तशी सरळ नव्हतीच. केम्पटेन आणि आउग्सबुर्गमधलं पोरवयाचं फुटबॉल, मग कोलोन. तिथे मुख्य संघात जागा नाही. मग तुर्कस्तानात अंकाऱ्याचा गेंचलेरबिर्लिई, तिथेही बस्तान बसेना. म्हणून पुन्हा जर्मनी, म्युनिकचा ट्युर्क ग्युजू. हा तुर्की कामगारांनी १९७५ साली काढलेला क्लब, म्हणजे इल्हानच्याच वयाचा. मग पुन्हा तुर्कस्तान, एजियन समुद्राकाठचं कुशादासी, खालच्या पातळीवरचा संघ. तेवीस वर्षांचा झाला तरी नाव कुणाला माहीत नाही. एवढ्या वयात बाकीचे स्ट्रायकर दोन क्लब बदलून तिसऱ्याकडे भाव करत असतात. हा मात्र दोन देशांमध्ये येरझाऱ्या घालतोय आणि दोन्हीकडे कुणी ‘बस’ म्हणत नाही.

बस म्हटलं ते काळ्या समुद्रावरच्या सामसुनने. १९९८ ते २००१ तो सामसुनस्पोरला खेळला, गोल करत राहिला आणि मग इस्तंबूलच्या बेशिक्ताशने त्याला उचललं. पहिल्याच हंगामात, २००१-०२ मध्ये, लीगमध्ये २१ गोल. गालातासरायच्या आरिफ एर्देमबरोबर सर्वाधिक. विश्वचषकाचं तिकीट त्या एका हंगामावर मिळालं. तुर्कस्तानही तेव्हा विश्वचषकात ४८ वर्षांनी येत होतं. त्याआधी एकदाच, १९५४ ला, आणि तेव्हा एकाच स्पर्धेत पश्चिम जर्मनीकडून दोनदा मार खाऊन परतलं होतं.

दादाला गोल्डन गोलपेक्षा दुसरीच एक गोष्ट जास्त आवडायची. ब्राझीलविरुद्ध, बाजूच्या रेषेपाशी, समोर रॉबेर्तो कार्लोस. जगातला सगळ्यात खमका डावा बॅक. इल्हानने चेंडू दोन पायांत धरला, टाचेने मागून उडवला, तो स्वतःच्या आणि कार्लोसच्याही डोक्यावरून कमानीसारखा पुढे गेला. आमच्या गल्लीतली पोरं हे रोज करायची आणि रोज पडायची. विश्वचषकात ब्राझीलसमोर कुणी करेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. दादा पलंगावर बसून डाव्या पायाने हवेत ते करून बघायचा. “टाच बघ, टाच. गुडघा किती वाकवलाय बघ की.” मग गप्प व्हायचा.

२९ जूनला तिसऱ्या क्रमांकासाठी सामना, कोरियातल्या देगूमध्ये. यावेळी इल्हान सुरुवातीपासून खेळला. कोरियाच्या बचावातून हिसकावलेल्या चेंडूवर श्युक्युरचा तो अकरा सेकंदांतला गोल, विश्वचषकाच्या इतिहासातला सर्वात वेगवान. त्यानंतर पहिल्या अर्ध्यातच इल्हानचे दोन. तुर्कस्तान ३, कोरिया २. शिट्टी वाजल्यावर दोन्ही संघ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, एकमेकांचे झेंडे घेऊन प्रेक्षकांसमोर गेले. हरणाऱ्यांना आणि जिंकणाऱ्यांना वेगळं काढता येत नव्हतं. दादा म्हणाला, “आपल्याकडं असं झालं तर?” पेठेपेठेतल्या मारामाऱ्या आठवून मी हसले. तो हसला नाही.

पुढची गोष्ट दुःखाची आहे आणि भराभर संपते. २००२-०३ हे बेशिक्ताशचं शंभरावं वर्ष, प्रशिक्षक मिर्चा लुचेस्कू, आणि क्लब विजेता. तिकडे जपानमध्ये तर इल्हानची अक्षरशः लाट आली होती. ज्या तुर्कस्तानने यजमान जपानला बाहेर काढलं, त्याच संघातल्या या खेळाडूला तिथल्या मुली ‘राजपुत्र इल्हान’ म्हणायला लागल्या. २००४ च्या सुरुवातीला व्हिसेल कोबे क्लबने त्याला जपानला नेलं. विमानतळापासून गर्दी. आणि लीगमध्ये तो खेळला तीन सामने. गोल एकही नाही. गुडघा. मग बर्लिनचा हेर्था, तिथेही गुडघा. मग अंकारागुजू, आणि तिशीच्या आसपास सगळं थांबलं. राष्ट्रीय संघाकडून एकूण २१ सामने, ७ गोल. त्यांतले तीन त्या एका जूनमधले. २००९ मध्ये म्युनिकच्या १८६० क्लबबरोबर सराव करून त्याने परतीची एक धडपड केली. तीही फळाला आली नाही.

गुडघा म्हणजे काय ते खेळणाऱ्यालाच कळतं. हाड मोडलं तर जुळतं, स्नायू फाटला तर भरून येतो. गुडघ्याचं तसं नाही. तो चालू देतो, जिने चढू देतो, मोटारसायकलला किक मारू देतो. माणसाला वाटतं, झालं बरं. आणि मग एखाद्या दिवशी धावता धावता वळायचं असतं, आणि आतून कुणीतरी पाय सोडून देतं. दादाने दोन वर्षं वाट पाहून एकदा सरावाला जाऊन बघितलं होतं. दहा मिनिटांत परत आला. बूट त्याने माळ्यावर टाकले, आणि त्यानंतर स्टेडियमच्या रस्त्याने जायचं सोडलं. शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत लागला. आज तिथे सुपरवायझर आहे. मॅचच्या दिवशी ढोल ऐकू आले की टीव्हीचा आवाज वाढवतो, असं वहिनी सांगते.

आता बर्फाची गोष्ट.

२००७ मध्ये तुर्की टीव्हीवर एक स्पर्धा होती, प्रसिद्ध माणसांना व्यावसायिक स्केटरबरोबर बर्फावर नाचायला लावणारी. इल्हानने भाग घेतला. त्याची जोडीदार ओल्गा बेस्तांदिगोव्हा, स्लोव्हाकियाची. ती तिच्या भावाबरोबर जोडीच्या फिगर स्केटिंगमध्ये ऑलिंपिकला उतरलेली होती. कुठलं ऑलिंपिक? सॉल्ट लेक सिटी, २००२. म्हणजे ज्या वर्षी इल्हानचा सूर्य डोक्यावर आला, त्याच वर्षी तिचाही. दोघांनी ती स्पर्धा जिंकली. इथवर काही विशेष नाही, टीव्हीवर असं होत असतं. विशेष पुढे आहे. स्पर्धा संपली, कॅमेरे गेले, आणि हा माणूस म्हणाला, मला हे खरोखर शिकायचंय. मला ऑलिंपिकला जायचंय.

फिगर स्केटिंग चार-पाच वर्षांच्या मुलांना सुरू करायला लावतात. त्या वयात पडणं सोपं असतं, शरीर लवचीक असतं, भीती नसते. जोडीच्या प्रकारात पुरुषाला तर दुहेरी काम. स्वतःच्या उड्या, गिरक्या, आणि जोडीदाराला डोक्याच्या वर उचलून, काही मिलिमीटर जाडीच्या पात्यावर, वेगाने वळत जायचं. हे शिकायला निघालेला माणूस तिशी ओलांडलेला, आणि खेळायचा थांबला तो गुडघ्यामुळे. लोक काय म्हणाले असतील ते ओळखायला फार कल्पना लागत नाही. कधीकाळी एका देशाने ज्याला खांद्यावर घेतलं, त्याने सरावाच्या बर्फावर आठ-दहा वर्षांच्या मुलींच्या मधे पडायचं. रोज. वर्षानुवर्षं.

सप्टेंबर २०१३. सोची ऑलिंपिकसाठी उरलेल्या जागा ठरवणारी शेवटची स्पर्धा, नेबेलहॉर्न ट्रॉफी. जोड्यांसाठी चार जागा. तुर्कस्तानच्या नावावर इल्हान मान्सिझ आणि ओल्गा बेस्तांदिगोव्हा उतरले. तो अडतीस वर्षांचा होता. स्पर्धा भरते ओबर्स्टडॉर्फला. ओबर्स्टडॉर्फ आल्गॉयमध्ये आहे, केम्पटेनपासून चाळीसेक किलोमीटरवर. कोलोन, अंकारा, कुशादासी, सामसुन, इस्तंबूल, ओसाका, कोबे, बर्लिन, एवढं सगळं फिरून तो आपल्या जन्मगावाच्या अंगणात येऊन उभा राहिला, दुसऱ्या खेळात, गळ्याशी तुर्कस्तानचं नाव घेऊन.

ते पात्र ठरले नाहीत. निकालाच्या यादीत अगदी तळाशी राहिले.

मी तेव्हा म्युनिकमध्येच होते, रेल्वेने अडीच तासांवर. आणि मला हे कळलं ते सोमवारी, ऑफिसमध्ये, स्पर्धा संपल्यावर. एवढी हळहळ मला क्वचितच कशाची वाटली असेल. गोल्डन गोल बघायला ओसाकाला जाणं माझ्या हातात नव्हतं. हे होतं. ती शेवटून पहिली आलेली जोडी बघायला मी तिथे असायला हवं होतं, उभं राहून टाळ्या वाजवायला हव्या होत्या, दादाच्या वतीनेसुद्धा. पहिला येणाऱ्याला टाळ्या मिळतातच. अडतिसाव्या वर्षी सगळं जग बघत असताना नवशिका होणाऱ्या माणसाला बघायला फार थोडे लोक जातात, आणि माझ्या मते त्या माणसाने आयुष्यात केलेलं सगळ्यात मोठं काम तेच होतं. गोल्डन गोल एका स्पर्शाचा होता. हे काही वर्षांचं होतं आणि त्याला सोनं लागणार नाही हे त्यालाही दिसत असणार.

त्या सोमवारी रात्री मी दादाला त्यांच्या स्केटिंगचा व्हिडिओ पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. तिकडे पहाट झाली तेव्हा फोन आला. “ती पोरगी उचलून धरायची असती व्हय? त्या गुडघ्यावर?” हो म्हटलं. “खाली ठेवताना वजन कुठल्या पायावर घेतोय, बघितलंस?” मी नव्हतं बघितलं. त्याने बघितलं होतं. रात्रभर तेवढंच बघत होता. मला समजावून सांगायला लागला, कंबर कधी खाली जाते, पाऊल कसं बाहेर वळलेलं असतं, भार मांडीवर कसा येतो. अकरा वर्षांत त्याच्या तोंडून मी गुडघा हा शब्द ऐकला नव्हता. फोन ठेवताना म्हणाला, “शिकलाय गं त्यो. खरंच शिकलाय.”

गेल्या सप्टेंबरात शेवटी मी ओबर्स्टडॉर्फला गेले. म्युनिक स्टेशनात शिरल्यावर आधी अकरा नंबरला जाऊन आले, मग आल्गॉयची गाडी धरली. केम्पटेनला गाडी थांबली तेव्हा दारात उभी राहिले. शाळकरी पोरांचा घोळका चढला, दोघांच्या काखेत फुटबॉल, जर्मन आणि तुर्की एकाच वाक्यात. पुढे डोंगर जवळ येत गेले. ओबर्स्टडॉर्फचं बर्फाचं स्टेडियम नेबेलहॉर्नच्या रोपवेजवळ आहे. आत थंडगार, बाहेर ऊन. बर्फावर लहान मुली गिरक्या घेत होत्या आणि कठड्याला धरून आया उभ्या होत्या. पात्यांचा तो खरवडल्यासारखा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. तासभर बसले.

नंतर गावाबाहेर चालत गेले. ओबर्स्टडॉर्फच्या उत्तरेला ब्राइटाख, स्टिलाख आणि ट्रेटाख असे तीन ओहोळ एकत्र येतात, आणि तिथून पुढे त्यांचं नाव इलर. केम्पटेनमधून वाहते तीच. म्हणजे इल्हानच्या जन्मगावाची नदी त्याने शेवटची स्पर्धा जिथे दिली त्या गावापाशी जन्मते आणि मग त्याच्या गावाकडे जाते. मी दगडांवर बसून दादाला व्हिडिओ कॉल लावला. त्याची सुट्टी होती, तो गच्चीत होता. मागे आईचे पापड वाळत होते. मी कॅमेरा फिरवून तीनही प्रवाह दाखवले.

“हे तर आपल्या प्रयाग चिखलीसारखंच आहे की,” तो म्हणाला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. लहानपणी बाबा आम्हाला तिथे न्यायचे आणि नद्यांची नावं पाठ म्हणून घ्यायचे.

“पाणी गार आहे काय?”

“बर्फाचं असणार.”

“पाय घालून बघ की.”

बूट-मोजे काढले, पँट वर दुमडली. काठचे गोटे गुळगुळीत होते, पाऊल ठरत नव्हतं. पाण्यात शिरले तशी शिरशिरी डोक्यापर्यंत गेली. फोन उंच धरला होता. दादा स्क्रीनच्या अगदी जवळ आला होता, नुसते डोळे आणि कपाळ दिसत होतं.

“एवढ्यात काय थांबलीस. गुडघ्यापर्यंत जा.”

गेले.